समोर उतारा नसताना

"कोण सुटलं आणि कोण अडकलं?" कुंभोजकर सरांनी विचारलं.

मी मशिनवरचे हात मांडीवर घेतले. कोर्टाचा अकरा पानांचा निकाल होता तो. कुणा वकिलाला घाईनं हवा होता, म्हणून सरांनी भरल्या बॅचमध्ये मला बसवलं होतं. पंचावन्न मिनिटांत मी तो काढून दिला होता.

"माहीत नाही सर."

"खटला कशाचा होता, एवढं तरी?"

"नाही सर."

सर बॅचकडे वळले. हातातली लाकडी पट्टी त्यांनी टेबलावर एकदाच आपटली आणि म्हणाले, "बघा. याला टायपिस्ट म्हणतात."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. विट्यातल्या कुंभोजकर टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सरांनी पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट मनावर ठसवली होती : अर्थ वाचायचा नाही. डोळ्यानं अक्षर उचलायचं आणि बोटानं ठेवायचं, मध्ये डोक्याला घ्यायचं नाही. अर्थ वाचला की बोट अडखळतं. बाकीच्यांना हे जमायला वर्ष लागायचं. मला तिसऱ्या महिन्यात जमलं. त्या दिवशी सगळ्या बॅचनं माझ्याकडे वळून पाहिलं, तेवढा सुखाचा दिवस माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही. आता म्हणायला हरकत नाही, त्याच दिवशी माझं वाटोळं झालं.

पुढं सरांनी मला तिथंच शिकवायला ठेवून घेतलं. सात वर्षं मी मुलांच्या बोटांवर लक्ष ठेवत फिरले. मग सरकारी परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या आणि सतरा मशिनं भंगारात निघाली. सरांनी एक तेवढं ठेवलं, संस्थेची पत्रं काढायला. कॉम्प्युटरवर चूक पुसता येते, मशिनवर माणूस जसा आहे तसा कागदावर उमटतो, असं त्यांचं म्हणणं. कॉम्प्युटरवर तर काय, आठवीतली पोरंसुद्धा टाईप करायला लागली. माझ्या स्पीडचं कुणाला कौतुक राहिलं नाही. घरी वहिनी भावाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची की रोहिणीची कला आता प्रदर्शनात ठेवायच्या लायकीची झाली. ती वाईट बाई नव्हती, पण खरं बोलायची खोड होती तिला.

तेव्हा प्रोग्रामिंगचं वेड मी डोक्यात घेतलं. सव्विसावं संपत आलं होतं. कुठंतरी वाचलं की हे सगळं इंटरनेटवर फुकट शिकता येतं, डिग्री लागत नाही, लोक घरी बसून शिकतात आणि कंपन्या त्यांना उचलतात. संस्थेत नेट होतंच. दुपारी एक ते तीन बॅच नसायची. सरांना विचारलं तर ते खूश झाले. संस्थेला नवीन काहीतरी हवंच होतं त्यांना.

माझ्याबरोबर तबस्सुम बसायची. तबस्सुम शिकलगार, एसटी डेपोतल्या मेकॅनिकची मुलगी. बारावी झाल्यावर तिचं कॉलेज थांबलं होतं. वडिलांनी एक वर्षाची मुदत दिली होती, तेवढ्यात कुठं नोकरी लागली तर पुढं बाहेरून शिक, नाहीतर आम्ही बघतो ते स्थळ. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, दोन बोटांनी टाईप करणारी. सरांनी तिला दोनदा सांगून बघितलं आणि नाद सोडला.

धडे इंग्रजीत होते. पडद्यावर एक दाढीवाला माणूस बोलत बोलत प्रोग्राम लिहायचा आणि आपण तसा लिहायचा. तो काय बोलतो ते मला अर्धंमुर्धं कळायचं, पण मला त्याची गरजच वाटली नाही. त्याचं लिहिलेलं समोर दिसत होतं. समोर उतारा असल्यावर मला आणखी काय हवं? कंस, स्वल्पविराम, अर्धविराम, एक चिन्ह चुकायचं नाही. तो ओळ संपवायच्या आत माझी ओळ संपलेली असायची. बटण दाबलं की प्रोग्राम चालायचा, हिरवी खूण यायची, कोपऱ्यात गुण वाढायचे. साठ धडे मी दोन महिन्यांत पुरे केले. साइटनं शेवटी सर्टिफिकेट दिलं. सरांनी ते छापून, फ्रेम करून आपल्या खुर्चीमागं लावलं. पी हळद आणि हो गोरी म्हणतात, तशी मी दोन महिन्यांत प्रोग्रामर झाले.

तबस्सुम चौथ्या महिन्यात तेविसाव्या धड्यावर होती. तिच्याकडून अक्षरं सुटायची, कंस उघडा राहायचा, पडदा लाल व्हायचा. मग ती त्या लाल ओळीकडे अर्धा अर्धा तास बघत बसायची. एका शंभर पानी वहीत पेन्सिलीनं मराठीत लिहायची, 'इथं डबा केला. डब्यात पाच ठेवले. डबा रिकामा असला तर पुढं जायचं नाही.' आणि कहर म्हणजे, एखादा प्रोग्राम कसाबसा चालला की त्यातला आकडा बदलून, एखादी ओळ काढून तो मुद्दाम मोडायची.

"चालतंय ते मोडतेस कशाला?" मी एकदा विचारलं.

"कुठं मोडतंय ते बघाय," ती म्हणाली.

मला तिची दया यायची. येता जाता तिच्या खुर्चीमागून वाकून मी तिचे धडे धडाधड पुरे करून द्यायचे. सरांनीही हे दोन-तीनदा पाहिलं होतं. एक दिवस तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमी नका टायपू. मला कळू दे." मला राग आला. करायला जावं बरं आणि वर हे ऐकायचं. नंतर आठ दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक लहानशी कंपनी होती. फाउंड्रीवाल्यांना त्यांचा कुठला माल कुठल्या टप्प्यावर आहे हे दाखवणारे प्रोग्राम ते लिहून देत. एक जागा, डिग्रीची अट नाही, फक्त परीक्षा. सरांनीच पेपरातली जाहिरात कापून आणली. मी जाणार हे ठरलेलंच होतं. तबस्सुमनं विचारलं, मीही येऊ का? मी म्हटलं ये की, सोबत होईल. खरोखर सोबत म्हणूनच म्हटलं. ती माझ्या मध्ये येईल असं स्वप्नातही नव्हतं. सरांनी तर बॅचमध्ये सांगून टाकलं की आमची रोहिणी निघाली. घरी वहिनीनं माझी पिवळी साडी इस्त्री करून ठेवली.

परीक्षेला आम्ही सहा जण होतो. मालकीण शेवडे मॅडम, पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी प्रत्येकाला एक कॉम्प्युटर दिला. त्यावर नेट नव्हतं. मग एकेक कागद दिला. त्यावर तीनच ओळी होत्या. वीस कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, वजनं दिली आहेत. पाच किलोच्या आतली किती ते मोजा आणि त्यांचे नंबर दाखवा. वेळ एक तास.

मी कागद डावीकडं ठेवला, पाठ ताठ केली, बोटं कीबोर्डच्या मधल्या ओळीवर ठेवली.

आणि उताऱ्याची वाट बघत बसले.

खरंच सांगते, पहिली दोन-तीन मिनिटं मला वाटत होतं की मॅडम अजून काहीतरी वाटणार आहेत. मग बाकीच्यांच्या टकटकीचा आवाज यायला लागला. तबस्सुम माझ्या डाव्या हाताला होती, तिची दोन बोटं कबुतरासारखी टिपत होती, थांबत होती, परत टिपत होती. माझी दहाच्या दहा बोटं तयार होती आणि त्यांना टाकायला माझ्याकडे एक अक्षर नव्हतं. मी साठ धडे केले होते. एकाही धड्यात काय होतं ते मला माहीत नव्हतं. कोण सुटलं, कोण अडकलं, काही माहीत नव्हतं.

हात रिकामे ठेवायची लाज वाटली म्हणून मी टाईप करायला लागले. बोटांच्या लक्षात चौदावा धडा होता, तो सगळा उतरला. एक चूक नाही. बटण दाबलं, चाललाही. पडद्यावर तापमानाचं कोष्टक आलं, शून्यापासून शंभरापर्यंत.

मॅडम माझ्यामागं येऊन थांबल्या. "हे मी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"पण चालतंय मॅडम."

"चालतंय. यातली ही चौथी ओळ काय करते, सांगता?"

मी त्या ओळीकडे पाहिलं. अक्षरं सगळी ओळखीची होती. मॅडम माझ्या खांद्याला हलकासा हात लावून म्हणाल्या, "तुमचं टायपिंग फार सुंदर आहे." त्यांना मला दुखवायचं नव्हतं. त्या असं म्हणण्यापेक्षा थोबाडीत मारत्या तर मला कमी लागलं असतं.

तासाभरानं त्यांनी तबस्सुमला आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कसातरीच झाला होता, हसावं की रडावं ते तिला कळत नव्हतं. जागा तिला मिळाली होती. फक्त डिग्री नाही, अनुभव नाही, तेव्हा जिथं सराव केला तिथल्या प्रमुखांचं बंद पाकिटातलं एक पत्र आणा, मुलगी स्वतः शिकली आहे आणि विश्वासाची आहे असं, एवढंच मॅडमनी मागितलं होतं.

परतीच्या एसटीत तिनं स्टँडवर घेतलेल्या भडंगाचा पुडा माझ्यापुढं धरला. मी नको म्हटलं. इस्लामपूरला तिनं पुडा गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "ताई, तुमी घाबरलासा म्हणून झालं. पहिल्यापासनं एकेक धडा परत घेऊ या. मी रविवारी येत जाईन. मी सांगते की तुमाला."

तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ज्या पोरीला मधल्या ओळीवर बोटं ठेवता येत नव्हती ती मला शिकवणार होती. मी खिडकीकडं तोंड केलं आणि विटा येईपर्यंत वळले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या दारातच नवीन बोर्ड भिंतीला टेकवून वाळत ठेवलेला. 'संगणक प्रोग्रामिंग वर्ग. मार्गदर्शक : कु. रोहिणी तारळेकर.' खाली बारीक अक्षरात, नोकरीच्या सुट्टीच्या दिवशी. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. सर आत आठच्या बॅचसमोर उभे होते. मला बघून त्यांनी पट्टी टेबलावर आपटली आणि विचारलं, "काय, कधीपासून रुजू?"

वीस पोरांनी माझ्याकडं वळून पाहिलं.

मी एसटीत काही ठरवलं नव्हतं. रात्रीही नाही. पण तोंड उघडलं आणि ते तयारच होतं. म्हटलं, तबस्सुमला घेतलं सर. ती माझ्या शेजारीच बसली होती. माझं बघून उतरवलं आणि माझ्या आधी नेऊन दिलं. दोघींचं एकच आलं, म्हणून मॅडमना वाटलं की मीच तिचं बघितलं.

 सरांच्या हातातली पट्टी तशीच राहिली.

"इथले धडेसुद्धा मीच करून द्यायचे तिला," मी म्हटलं. "तुम्ही बघितलंय की."

हे खरं होतं. त्यानंच बाकीचं खरं झालं. ज्या संस्थेत दिवसभर दुसऱ्याचे उतारेच उतरवायचे, तिथं परीक्षेतली नक्कल म्हणजे महापाप होतं. तीस वर्षांत सरांनी तिघांना त्यापायी हाकललं होतं, एक तर त्यांचा सख्खा पुतण्या.

दुपारी तबस्सुम पेढे घेऊन आली. सर देवाला ठेवतो म्हणाले आणि पुडा न उघडता कपाटावर ठेवला. पत्राचं तिनं सांगितल्यावर म्हणाले, उद्या ये. ती त्यांच्या पाया पडली. मग माझ्याही पडायला वाकली, तेव्हा मी मागं सरले.

ती गेल्यावर सरांनी मशिनवरचं कापड काढलं, संस्थेचा छापील कागद माझ्या हातात दिला आणि येरझाऱ्या घालत सांगायला लागले. त्यांची भाषा जुनी सरकारी. सदर विद्यार्थिनीने या संस्थेत केलेला सराव तिने स्वतः केलेला नसून तो अन्य व्यक्तीकडून करवून घेतल्याचे आढळून आले आहे. परीक्षेतील तिच्या यशाबाबतही या संस्थेस शंका आहे.

तिथं सर थांबले. माझ्यासमोर येऊन खुर्चीवर बसले. चष्मा काढला.

"रोहिणी, पोरीचं वर्ष पणाला लागलंय, म्हणून एकदाच विचारतो. तू सांगितलंस तसंच झालं ना?"

बाहेर कुणीतरी सायकल स्टँडवर लावत होतं. सरांना माझ्याबद्दल कधी संशय आला नव्हता, आताही आला नव्हता. त्यांना फक्त खात्री हवी होती. एक नाही म्हटलं असतं तर त्यांनी तो कागद फाडला असता, मला दोन शब्द ऐकवले असते, बोर्ड माळ्यावर टाकला असता. तेवढंच झालं असतं. वीस पोरांनी माझ्याकडे परत वळून पाहिलं असतं, एवढंच.

"पुढं सांगा सर," मी म्हटलं.

ते सांगत गेले आणि मी टाईप करत गेले. सबब तिच्या पात्रतेविषयी अथवा वर्तणुकीविषयी ही संस्था कोणतीही हमी देऊ शकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी टाईप करताना वाचत होते. शब्द न् शब्द वाचत होते, प्रत्येकाचा अर्थ कळत होता, तो कुठं जाऊन लागणार हेही दिसत होतं. आणि बोट एकदाही अडखळलं नाही. सर सात वर्षं चुकीचं सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी तबस्सुम येऊन बंद पाकीट घेऊन गेली. वाकू नये म्हणून तिनं ते दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलं. दारातून परत वळून थँक्यू म्हणाली.

प्रोग्रामिंगचा वर्ग मी नऊ वर्षं चालवला. मोठ्या पडद्यावर त्या दाढीवाल्याचा धडा लावायचे आणि पोरं उतरवून काढायची. सगळ्यांचं चालायचं, सगळ्यांना हिरव्या खुणा यायच्या, पालक खूश असायचे. एखादं पोर विचारायचं की बाई ही ओळ काय करते, तर मी म्हणायचे, आधी स्पीड वाढव. त्यांतलं कुणी प्रोग्रामर झाल्याचं माझ्या कानावर नाही. सर वारले तेव्हा माझं ते सर्टिफिकेट त्यांच्या खुर्चीमागं होतंच. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणूनच मी त्यांच्या दोन दुखण्यांत उशाशी बसून राहिले, असंही कधीकधी वाटतं.

पण सांगायचं ते पुढच्या शुक्रवारचं. पाकीट नेल्यापासून आठवा दिवस असेल. दुपारी एकला हॉल रिकामा झाला होता, सर जेवायला घरी गेले होते. तबस्सुम दारात उभी दिसली. चप्पल काढून आत आली, दोन नंबरच्या कॉम्प्युटरचा ड्रॉवर उघडला आणि तिची ती शंभर पानी वही काढून घेतली. मी हजेरीत डोकं घालून बसले होते.

"मॅडमनी पत्र वाचाय दिलं मला," ती म्हणाली.

मी हजेरीचं पान उलटलं.

"सरांना कुणीतरी काहीतरी सांगितलंय. मी विचाराय आले नाही. अब्बा म्हणाले, गेली नोकरी, आता राहू दे."

"मग सरांशी बोल. मला काय माहीत?"

"टाईप तुमी केलंय नव्हं?"

"कशावरून?"

"एवढं मोठं पत्र, मशिनवरचं," ती म्हणाली. "एक चूक नव्हती ताई. मॅडमपण म्हणाल्या, टायपिंग काय सुंदर आहे."

ती रडत नव्हती. वही छातीशी धरून माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, आता ही बोलणार. बोलावं, असंही आतून कुठंतरी वाटत होतं. ती पाचदहा पावलांवर उभी होती आणि तिला सगळं कळलेलं असणार असं मी धरून चालले होते.

"तुमी वाचलं नसंल," ती म्हणाली. "मी घरात पण तेच सांगितलं. तुमी टायपिताना कधी वाचत न्हाई. वाचलं असतं तर सरांना थांबवलं असतंसा."

ती उत्तराची वाट बघत होती. तिला ते मनापासून हवं होतं.

"नाही," मी म्हटलं. "वाचलं नाही."